चकतीवरचा अंगठा

हे लिहायचंच नाही, असं पान्याने जवळजवळ ठरवलं होतं. दोन ओळी टाइप करायच्या, पुसायच्या, उठून पाणी प्यायचं, पुन्हा बसायचं. पण आधी जे लिहिलं होतं ते अख्ख्या क्लबने वाचलं होतं. ते कसं पुसणार?

सुरुवात झाली वासाने. एका संध्याकाळी विसरलेला डबा घ्यायला पान्या वर्कशॉपवर परत आला, तर दाराला आतून कडी. घड्याळ्याने दार उघडलं ते जरा वेळानेच. आणि उघडताच नाकात झोंबलं काहीतरी, थंड आणि उग्र.

"कडी कशाला?"

"धूळ येते रे."

"आणि हा वास?"

"कसला वास?" म्हणत घड्याळ्याने हातातलं फडकं खिशात कोंबलं.

पान्या गॅरेजमध्ये हात काळे करत वाढलेला. घड्याळ्या घड्याळं दुरुस्त करायचा, पण लोक घड्याळं टाकायलाच येईनात. मग दोघा दोस्तांनी मिळून हे काम काढलं. टेबलावर फासे टाकून लढाया खेळणाऱ्या हौशी मंडळींचा एक क्लब आहे, त्यांच्या कथलाच्या छोट्या पुतळ्यांना स्टँड करून द्यायचे. खाली अल्युमिनियमची चकती, तिच्यावर पितळेची काडी, काडीच्या टोकाला उडता ड्रॅगन. अल्युमिनियम आणि पितळ म्हणजे न पटणाऱ्या दोन जावा. साधं सोल्डर अल्युमिनियमला धरतच नाही, म्हणून दोन ट्यूबांतला गोंद कालवून चिकटवायचं. सकाळी पान्या पॉलिश पेपरने चकत्या घासून रांगेत मांडायचा. संध्याकाळी घड्याळ्या काड्या बसवायचा.

"आई, तो पितो गं," पान्या त्या दिवशी घरी म्हणाला.

"कोण, तो? चहात साखर जास्त मागायला लाजतो तो! तुझ्या नाकाला पोलिसात भरती कर आधी."

पण पान्याचं डोकं थांबेना. घड्याळ्याचे डोळे लाल दिसले, म्हणजे नक्कीच. हात मात्र जराही थरथरत नव्हते. म्हणजे जुनी सवय असणार! शेवटी क्लबच्या स्पर्धेचं मोठं काम आलं, तेव्हा पान्या तोंड फिरवून म्हणाला, "या वेळी चिकटवायचं मी बघतो. तू जा घरी."

घड्याळ्या बघतच राहिला. "बरं. पण घासून झालं की लगेच…"

"मला शिकवू नकोस."

स्पर्धेच्या दिवशी क्लबवाला खोकं घेऊन दारात हजर. "फासे पडायच्या आधी तुमचे ड्रॅगनच पडले की! लोक हसून हसून बेजार." त्याने खोकं उपडं केलं. काड्या एकीकडे, चकत्या एकीकडे.

पान्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गोंद! जाता जाता गोंदात काहीतरी कालवून गेला, सूड म्हणून. तिथल्या तिथे त्याने क्लबच्या ग्रुपवर लिहिलं: 'माझा पार्टनर कामावर पितो. गोंद त्यानेच नासवला. त्याला काढलंय.'

दुसऱ्या दिवशी घड्याळ्या आला. मान खाली. "माझे चिमटे न्यायला आलोय."

चिमटे उचलताना त्याची नजर खोक्याकडे गेली. एक काडी त्याने चिमट्यात धरली, डोळ्याला भिंग लावलं, आणि भिंग पान्याला दिलं. "बघ."

काडीच्या बुडाला पसरलेला गोंदाचा थर तसाच होता. त्यावर बारीक रेषा, गोल गोल फिरलेल्या, आणि मधून एक तिरकी चीर. पान्याने आपला अंगठा वळवून पाहिला. गॅरेजमधल्या पत्र्याने कापलेला जुना घाव. तिरका.

"अल्युमिनियम घासून ठेवलं की हवेने त्यावर साय धरते. दिसत नाही. त्यात तू प्रत्येक चकतीवर अंगठा फिरवून बघतोस. तेलकट अंगठा. गोंद धरणार कसा? मी रोज परत घासायचो, स्पिरिटने पुसायचो आणि ओल वाळताच चिकटवायचो."

स्पिरिट. तोच वास, थंड आणि उग्र.

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"अंगठा फिरवून तू चकती उजेडात धरायचास ना, तेव्हा तुझं तोंड बघितलंयस कधी? लहान पोरासारखं व्हायचं. म्हटलं, जाऊ दे."

पान्याने भिंग खाली ठेवलं.

घड्याळ्याने चिमटे खिशात घातले. मग खिडकीकडे बघत म्हणाला, "भाऊजी आहेत त्या ग्रुपवर. त्यांनी ताईला दाखवलं. काल जेवायला वाढताना ती जास्तच जवळ वाकली. माझ्या तोंडाचा वास घेत होती रे. मग भाजी वाढून गेली."

बाहेर कुणाचीतरी गाडी सुरू होता होता बंद पडली. घड्याळ्याने सवयीने एक चकती उचलली, फडक्याने पुसली, चिमट्याने पान्यासमोर ठेवली. पान्याचा अंगठा आपोआप पुढे गेला, आणि अर्ध्या वाटेत त्याने मूठ मिटली.

"लिहितो," तो म्हणाला. "त्याच ग्रुपवर. अंगठ्यासकट सगळं."

"कधी?"

"आजच. ताई जेवायला वाढायच्या आत."