फिकट ठिपका

ठिपका चालत राहिला पाहिजे, हे धाकटीचंच डोकं. कुठली रेल्वेगाडी आत्ता कुठे आहे ते मोबाईलवर दाखवणारं ॲप जिथे बनायचं, त्या कचेरीत ती कामाला होती. तिथे एक रडगाणं कायमचं होतं. गाडीकडून खबर यायची थांबली की पडद्यावरचा ठिपका जागच्या जागी थिजायचा, आणि ॲपच बंद पडलं असं समजून लोक कचेरीच्या नावाने बोटं मोडायचे. धाकटीने तोड काढली. खबर नसली तरी ठिपका आधीच्याच वेगाने पुढे सरकत ठेवायचा, फक्त त्याचा रंग फिका करायचा. गडद म्हणजे खरी जागा, फिकट म्हणजे आपला अंदाज. तक्रारी थांबल्या, साहेबांनी तिला डोक्यावर घेतलं. फिक्या रंगाला आवाज नसतो, हे मात्र त्या खोलीभर शहाण्यांत एकालाही सुचलं नाही. धाकटीलाही नाही. आणि हिची तर सख्खी मोठी बहीण आंधळी!

आता ह्याला काय म्हणावं? बरं, ताई म्हणजे कोपऱ्यात बसून राहणारी बाई नव्हे. डॉक्टरांनी बोलून ठेवलेलं ऐकून ती दवाखान्यात टाइप करायची, आणि एखादा डॉक्टर शब्द गिळायला लागला तर त्याला भर दुपारी फोन करून झापायची. दवाखाना रुळांच्या अलीकडे, घर पलीकडे. मध्ये एकेरी लोहमार्ग, आणि पायी जाणाऱ्यांसाठी एक अरुंद वाट. फाटक नाही, रखवालदार नाही. पूर्वी ताई तिथे कान देऊन उभी राहायची आणि मगच ओलांडायची. पण त्या वाटेला लागून लाकूड कापायचा कारखाना सुरू झाला. दिवसभर करवतीचा आवाज असा, की शेजारचा माणूस ओरडला तरी कळू नये. आणि नव्या गाड्या तर पार जवळ येईपर्यंत गुपचूप येणाऱ्या.

तेव्हा धाकटीनेच तिच्या फोनवर ॲप टाकलं. पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारा आवाज फोनमध्ये होताच, त्याला ताई "आमची बाई" म्हणायची. धाकटीने ॲपमध्ये त्या वाटेची खूण टाकून दिली. कानात इयरफोन घातला की बाई सांगायची, गाडी दूर आहे, गाडी जवळ येत आहे, गाडी पुढे गेली. वाक्यं धाकटीने स्वतः लिहिलेली. "करवत खुशाल बोंबलू दे," ती ताईला म्हणाली होती, "मी आहे ना तुझ्या कानात."

त्या दुपारी धाकटी चहाचा कप घेऊन भिंतीवरच्या मोठ्या पडद्यासमोर उभी होती. शेजारी ढापण्या. ॲप तपासायचं काम त्याचं, आणि चष्मा एवढा जाड की कचेरीत त्याचं खरं नाव कुणाच्या लक्षातही राहिलं नव्हतं.

"बघ तुझी लेकरं," तो म्हणाला. "झोपेत चालतायत."

पडद्याच्या एका बाजूचे सगळे ठिपके फिके पडले होते. तिकडची खबर मघाशीच तुटली होती, तरी ठिपके आपले ऐटीत निघाले होते.

"गाड्या खऱ्या कुठे असतील रे?"

"असतील कुठेतरी रखडलेल्या. देवाला ठाऊक."

धाकटी हसली. हसता हसता तिची नजर एका ठिपक्यावर गेली. तो ताईच्या वाटेवर आला आणि तसाच पार झाला. ताई ह्याच सुमाराला घरी निघते. आणि आत्ता, ह्या घडीला, बाईने तिच्या कानात सांगितलं असणार, गाडी पुढे गेली. गाडी तर गेलीच नव्हती! ती अजून यायची होती.

कप कुठे ठेवला तेही तिला कळलं नाही. तिने ताईला फोन लावला. घंटी वाजली न वाजली तोच तिकडून फोन कापला गेला. पुन्हा लावला, पुन्हा कापला.

"कामात असेल गं," ढापण्या म्हणाला.

"ती माझा फोन कधीच कापत नाही. फक्त तिथे कापते." धाकटी म्हणाली. "फोन वाजला की बाईचं बोलणं दबतं ना, म्हणून रुळांपाशी ती कुणाचाच फोन घेत नाही. अरे, ती तिथे उभी आहे!"

"कोण? कुठे?"

तिने दोन-चार तुटक वाक्यांत सांगितलं. ढापण्या धावत आपल्या जागेवर गेला आणि खडाखडा टाइप करायला लागला. "थांब, घाबरू नको. वर पट्टी टाकतो. पिवळी, मोठी. 'जागा अंदाजे दाखवली आहे.' झालं, गेली सगळ्यांच्या फोनवर!"

"बाई वाचेल ती?"

ढापण्याची बोटं थांबली. पट्टी म्हणजे एक चित्र होतं. चित्र वाचून दाखवायची सोय त्यांनी केलीच नव्हती. पुढच्या खेपेला करू, असं प्रत्येक बैठकीत ठरायचं आणि प्रत्येक बैठकीत राहून जायचं.

"निरोप टाक तिला."

"रस्त्यावर असताना ती निरोप वाचायचं बंद ठेवते. ढापण्या, ॲप बंद कर. सगळंच."

"सगळं? वेडी आहेस का? लोक गाड्यांत बसलेत, स्टेशनांवर उभे आहेत. साहेबांना विचारायला हवं."

"तू विचार. मी बंद करते."

धाकटी आपल्या खुर्चीत जाऊन बसली. बंद करायचं बटण तिच्याकडे होतंच, पण बोट काही पुढे जाईना. कारण ढापण्या मागून हळूच म्हणाला, "आणि ती रुळांच्या मधोमध असली तर? बाई मधेच गप्प झाली तर पुढे जाईल, की काय झालं बघत तिथेच थांबेल?"

मेल्याने विचारायला नको ते विचारलं, पण खरं तेच विचारलं. ताई काय करेल? बाई बोलत असताना ताई कशी चालते, हे धाकटीने पाहिलं होतं. बाई गप्प झाल्यावर काय करते, हे तिला माहीत नव्हतं. तिने कधी विचारलंच नव्हतं. गोंडस ठिपके काढत बसली, आणि बहिणीला एवढं विचारायला सवड झाली नाही! डोळे मिटून तिने बटण दाबलं.

भिंतीवरचा पडदा काळा झाला. कचेरीत एकच गलका उठला. एकामागून एक फोन खणखणायला लागले, साहेब खोलीतून बाहेर आले, कुणी काय केलं म्हणून ओरडू लागले. धाकटीला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. तिने पुन्हा ताईचा नंबर लावला होता. ह्या वेळी फोन कापला गेला नाही. तो वाजत राहिला, वाजतच राहिला, आणि कुणी उचलेना. मघाशी फोन कापला जात होता तेव्हा निदान कापणारा हात तरी शाबूत होता. आता नुसती घंटी. उचल गं ताई, उचल, उचल.

"काय आहे!" पलीकडून ताई करवतीच्या वरताण ओरडली. "मेलं तुझं ते ॲप! ऐन वेळी दगा देतं! एक पाय रुळांत टाकला आणि बाई मुकी झाली. परत फिरले ना मी! इयरफोन पडला तो वेगळाच, आत्ता सापडला. गाडी गेल्यावर तरी माणसाला नीट जाऊ द्यावं, की..."

पुढचं ऐकू आलं नाही. फोनमधून गाडीचा भोंगा आला, खूप जवळून, आणि त्याच्या मागोमाग सगळा आवाज गिळून टाकणारी घरघर. करवतही त्यात बुडाली. "ताई! ताई!" धाकटी किंचाळली, तशी साहेबही गप्प झाले. घरघर काही संपेना. मग ती हळूहळू लांब गेली आणि करवत पुन्हा ऐकू यायला लागली. नुसती करवत. धाकटी खुर्चीची कड घट्ट धरून उभी होती, आणि ढापण्याने तोंडावर हात ठेवला होता.

बऱ्याच वेळाने ताईचा श्वास ऐकू आला.

"आहेस ना?" धाकटीने विचारलं.

"आहे." ताईचा आवाज तिचा वाटत नव्हता. "माझ्या पदराला वारा लागला तिचा. बाई तर म्हणाली होती, गाडी पुढे गेली. गेलेली गाडी अशी परत येते का गं?"

"ती गेली नव्हती, ताई. तिच्याकडून खबरच येत नव्हती."

"मग ती गेली, असं पाहिलं कुणी?"

"कुणीच नाही."

ताईने अगदी हळू विचारलं, "मग मला सांगितलं कुणी?"

धाकटीने साहेबांकडे पाहिलं, ढापण्याकडे पाहिलं. ते दोघंही तिच्याकडेच पाहत होते.

"मी," ती म्हणाली. "मी सांगितलं, ताई."

तिकडे ताई रडायला लागली. "मला पुढेही जाववत नाही आणि मागेही. तू ये गं. कुठली गाडी कुठे आहे मला काही सांगू नकोस, नुसती ये."

"हलू नकोस. आले," धाकटी म्हणाली आणि फोन कानाला तसाच धरून जिन्याकडे धावली.