नारायणाचा धडा

आमच्या वर्गासाठी पणजीहून जे पुस्तक आलं होतं, ते लिहिणाऱ्याला एकदा लाटंबार्शाला आणावं, आमच्या देवळाच्या मंडपात बसवावं आणि म्हणावं, आता शिकव या पंधरा बायकांना. त्या वर्षी मला रोज दुपारी असंच वाटायचं. साल एक्याण्णव, साक्षरता मोहिमेचे दिवस. शिकवणारी मी, प्रभावती, वय तीस. शिकणाऱ्या सगळ्या माझ्याहून मोठ्या. सकाळभर काजूच्या बागेत बोंडू वेचून नाहीतर खाणीवर पाट्या उचलून त्या तीन वाजता पाटी घेऊन बसायच्या आणि पुस्तक त्यांना विचारायचं, हुरडा खाल्ला का?

त्या पुस्तकात उसाचा मळा होता, फेटेवाला पाटील होता, ज्वारीची भाकरी होती. आमच्या गावात भात पिकतं आणि काजू होतो. पद्मावती नावाची आमच्यातली सर्वांत म्हातारी बाई हुरड्याचं चित्र खूप वेळ न्याहाळून म्हणाली, "बाई, ह्या कोंबड्यांका घालतत काय?" मी मोहिमेच्या कार्यालयाला दोन पत्रं पाठवली. उत्तर एकच आलं. पुस्तक तज्ज्ञांनी तयार केलं आहे, शिक्षिकांनी आपलं डोकं चालवू नये.

मग मी ते चालवलंच. ब बोंडूचा, भ भिरंडाचा, म्हणजे कोकमाचा, प पोदेराच्या पावाचा. डिचोली, साखळी, दोडामार्ग ही बसवरची नावं खडूनं फरशीवर लिहिली. दोन महिने पुस्तकाशी झटापट करून ज्यांना चार अक्षरं आली नव्हती, त्या तीन आठवड्यांत बसची पाटी वाचून चढायला लागल्या. मला वाटलं, जिंकलं आपण. आता आपल्याला सगळं कळलं.

सगळं कळलं नव्हतं. जानकीवयनीचं काही कळलं नव्हतं.

जानकी गावस दोडामार्गाकडून लग्न होऊन आलेली. वय बेचाळीस, खाणीवर पाट्या उचलून कंबर कामातून गेलेली. गावच्या अंगणवाडीत मदतनिसाची जागा रिकामी झाली होती आणि ती तिलाच द्यायची असं सगळ्यांच्या मनात होतं. अट एवढीच, की महिनाअखेर साक्षर असल्याचा दाखला हवा. दाखला नाही तर परत खाण. वर्गात सर्वांत भराभर वाचायची तीच. पण परीक्षा पुस्तकावरच होणार होती, म्हणून मी परत ते उघडलं, अक्षरओळखीची पानं मागे टाकली आणि पहिल्याच धड्याशी घोडं अडलं. "नारायण शेतात जातो. नारायण नांगर धरतो." जानकीच्या घोवाचं, म्हणजे नवऱ्याचं, नाव नारायण.

लग्नाला चोवीस वर्षं झाली, ते नाव तिच्या तोंडून कधी बाहेर पडलं नव्हतं. आरतीत आलं तरी ती नुसत्या टाळ्या वाजवायची. वर्गात ती वाचायची, "शेतात जातो. नांगर धरतो." शब्दावरून बोट मात्र नीट फिरायचं.

"वयनी, अहो पुस्तकातला नारायण तो! तुमचा नव्हे!"

"माका म्हायत असा. पण तोंडातसून येवचा नाय."

मी समजावलं, चिडले, ओरडलेसुद्धा. कुठल्या काळात राहता, असं विचारलं. एवढी शिकलात आणि एका नावाला भिता, असंही म्हणाले. मोठ्या तोऱ्यात म्हणाले. ती मान खाली घालून पाटी पुसत राहायची.

परीक्षेला पणजीहून गोकुळदास नावाचे परीक्षक आले. बाराच्या बसनं यायचे ते दोनला पोचले आणि आल्या आल्या परतीची बस किती वाजता, हे विचारून घेतलं. एकेकीनं उठायचं, पहिला धडा मोठ्यानं वाचायचा. पाच चुकांपर्यंत पास. पद्मावती चार चुकांवर सुटली आणि धापा टाकत खाली बसली.

जानकी उठली. खडखडीत वाचलं तिनं, कुठे अडखळली नाही. फक्त सात ठिकाणी तो शब्द गाळला. गोकुळदासांनी सात फुल्या मारल्या.

"नापास."

"अहो, तिच्या नवऱ्याचं नाव आहे ते!" मी उभीच राहिले. "बाकी सगळं वाचलं ना तिनं?"

"बाई, मी कारणं मोजत नाही, चुका मोजतो. फॉर्मात घोवाच्या नावाचा रकाना नाही."

"मग दुसरा धडा द्या तिला."

"सगळ्यांना एकच धडा. नियम आहे."

तेव्हा जानकी स्वतः बोलली. एरवी परक्या पुरुषासमोर मान वर न करणारी ती बाई सरळ त्यांच्याकडे बघून म्हणाली, "साहेबानूं, माका वाचूक येणा नाय, तर नेमको तोच शब्द माका कसो कळता?"

मला वाटलं, झालं, आता या माणसाला दुसरं काय हवं? कुठल्या पुस्तकात, कुठल्या तज्ज्ञाकडे याहून चांगला पुरावा असेल? गोकुळदासांनी घड्याळ बघितलं. "बोलता चांगलं येतं तुम्हाला," म्हणाले आणि पुढचं नाव पुकारलं. जानकी खाली बसली. तिनं कंबरेवर हात दाबून धरला होता. माझ्या डोक्याची शीर तडतडत होती.

सगळ्यांचं झालं. फॉर्मच्या खालचा भाग भरायला त्यांनी पेन सरसावलं. "शिक्षिकेचं पूर्ण नाव सांगा."

"प्रभावती परब."

"पूर्ण. मधलं?"

मी तोंड उघडलं. समोर पंधरा बायका बसल्या होत्या. खांबापाशी माझ्या चुलत सासूबाई जपमाळ घेऊन बसल्या होत्या. आमच्या ह्यांचं नाव, हे इथं लिहिते आहे बघा, मधुकर. सोपं नाव. लिहायला काहीच वाटत नाही. पण घशातून ते वर येईना. घरी मी 'अहो' म्हणते, बाहेर 'आमचे हे'. लग्नाच्या दहा वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून मला पत्ताच नव्हता.

"बाई, मधलं नाव."

"द्या इकडे," मी हात पुढे केला, "लिहिते मी."

"तुम्ही सांगा, मी लिहितो. अक्षर एकसारखं लागतं."

मी हात पुढेच धरून ठेवला. कानापर्यंत लाल झाले असणार. मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं, जानकी मात्र हसली नाही. इतके दिवस मी तिला काय काय ऐकवलं होतं, ते सगळं मला एकदम आठवलं. लाज वाटली, खरोखर लाज वाटली.

गोकुळदास माझ्याकडे बघत राहिले. मी पदवीधर आहे, हे त्यांच्यासमोरच्या कागदावर लिहिलेलं होतं. त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. मी नाव लिहिलं. पेन परत घेऊन त्यांनी दोन पानं मागे उलटली, सात फुल्यांवर एक आडवी रेघ ओढली आणि शेजारी 'उत्तीर्ण' लिहिलं. सवयीनं त्यांनी जानकीपुढे अंगठ्याची शाई सरकवली. तिनं ती बाजूला केली आणि सही केली. जानकी नारायण गावस. मधलं नावसुद्धा, सगळी अक्षरं नीट.

बायका तिच्याभोवती गोळा झाल्या. मला आनंद व्हायला हवा होता, पण राग काही उतरत नव्हता. जानकीनं तोंडानं सांगितलं, समोर उभं राहून सांगितलं, ते त्या माणसाला पटलं नाही. माझी जीभ अडकली तेव्हा पटलं.

गोकुळदास पुस्तक पिशवीत कोंबत होते. "उद्या सर्वण," म्हणाले. सर्वण म्हणजे शेजारचं गाव, तिथल्या वर्गात तर तीस बायका. मी चपला घातल्या आणि सर्वणची बस धरायला त्यांच्या आधी बसथांब्यावर जाऊन उभी राहिले. तिथल्या वर्गात कितीजणींचा नवरा नारायण आहे, ते आजच जाऊन विचारायचं होतं.