दुसऱ्या हाताची वाट

मी एक जुना थर आहे. लोखंड आणि त्याचा सर्वनाश यांच्या मधे कोणी उभं असेल, तर तो मी. पूल, जहाजं, आभाळाला टेकलेल्या चिमण्या, मोठमोठ्या टाक्या, हा सगळा डोलारा शेवटी माझ्यासारख्या कागदाएवढ्या जाडीच्या थरावर तरलेला आहे, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

थोडी होईल. मी एका टाकीच्या मागच्या बाजूला आहे. टाकी आणि कुंपणाची भिंत यांच्यात दीड वीत फट होती. त्या फटीत माझं आयुष्य गेलं. समोर भिंत, पायाशी एक मोडका खराटा आणि कोणाची तरी एका पायाची चप्पल. डोलारा तिथून दिसत नसे.

मित्रांनो, माझा जन्म डब्यात झाला. रंगाने मी विटकरी. मला प्रायमर म्हणतात, जुने लोक अस्तर म्हणतात. रंगारी मंडळी थराला ‘हात’ म्हणतात. पहिला हात माझा, दुसरा वरच्या रंगाचा. लोखंडाला घट्ट धरून बसायचं हे माझं काम, आणि पाणी अडवायचं हे त्याचं. मला एकट्याला पाणी अडवता येत नाही, कारण माझ्या अंगाला डोळ्यांना न दिसणारी बारीक भोकं असतात. तसं माझ्या डब्यावर छापलेलंही होतं. पण डबा वाचायची पद्धत नाही. डबा उघडायची आहे.

आमचा कारखाना सुताला रंग देण्याचा. तिथे सूत लाल व्हायचं, जांभळं व्हायचं, मोरपंखी व्हायचं, आणि ते रंग पक्के बसावेत म्हणून पोती पोती मीठ लागायचं. त्या मिठाच्या पाण्याची ही टाकी. मीठ आणि लोखंड यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. आतून टाकीला डांबरी लेप होता. त्याची कहाणी तो सांगेल, मधे पत्रा असल्यामुळे आमची ओळख झाली नाही.

मला लावलं ते एका रंगाऱ्याने. तो इतका बारीक होता की सगळे त्याला काडी म्हणत. त्याच्याबरोबर त्याची बायको असायची. तिला सगळे वहिनी म्हणत. तारेच्या ब्रशने घासायचं काम वहिनींचं, रंगाचं काडीचं. वहिनींनी मागचा पत्रा असा घासला की त्यात तोंड दिसावं. टाकीत मीठ ओतणारे मामा पोत्यावर बसून बघत होते.

“वहिनी, मागे कशाला एवढं घासताय? तिथे मांजरसुद्धा जात नाही.”

“मांजर जात नाही हो मामा, गंज जातो.”

मग काडी आडवा होऊन, पोट आत ओढून, फटीत शिरला. त्याचं नाक मला जवळजवळ टेकत होतं. ब्रश वरून खाली, पुन्हा वरून खाली. एवढ्या जवळून माझ्याकडे नंतर कोणी पाहिलं नाही. काम झाल्यावर तो निघता निघता म्हणाला, “वाळ बाबा आता. उद्या दुसरा हात देतो.”

मी वाळलो. त्या बाबतीत मी कुचराई केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात बातमी आली की बडे साहेब पाहणीला येणार. मॅनेजर धावत आले. बडे साहेब उंच होते आणि मॅनेजर तसे नव्हते. त्यामुळे मॅनेजरांनी दारापासून टाकीपर्यंतची वाट टाचा उंचावून चालून पाहिली, म्हणजे साहेबांच्या डोळ्यांना काय काय दिसेल ते कळावं. जिथपर्यंत दिसलं तिथे त्यांनी खडूने रेघ ओढली आणि काडीला सांगितलं, “इथपर्यंत मार. चकाचक पाहिजे.”

“आणि मागचं, साहेब?”

“मागून कोण येणारे? भिंतीवरून?”

काडीने मानेने हो म्हटलं. दुसरा हात समोरच्या बाजूला गेला. राखाडी, तुकतुकीत. समोरची बाजू म्हणजे माझा सख्खा भाऊ, एकाच डब्यातला. मी त्याचा हेवा केला नाही असं म्हणणार होतो, पण आत्मवृत्तात खरं सांगावं लागतं.

मग तीच पद्धत पडली. साहेब येणार म्हटलं की मॅनेजर चवड्यांवर, खडूची रेघ, आणि समोर रंगाचा हात. समोरच मिठाच्या पाण्याची नळी होती. ती सांडायची, तिथे गंज धरायचा. पण गंज घासायला वेळ कुठला? साहेब वाटेत असत. “घासू का आधी?” असं वहिनी विचारत आणि “नंतर घासा” असं उत्तर मिळे. गळवावर पावडर लावावी तसा गंजावर रंग चढत गेला. एकावर एक. भाऊ जाडजूड दिसू लागला. लोक म्हणत, काय तब्येत आहे टाकीची!

मी मात्र फटीत होतो. थिनरचा वास आला की माझं अंग मोहरून येई. पलीकडे ब्रशची सपसप सुरू झाली की वाटे, आता वळसा घालून इकडे येईल. कोपऱ्यापर्यंत आवाज येई. मग डब्याचं झाकण ठोकून बसवल्याचा आवाज येई. झाकणाचा तो आवाज मला आजही आवडत नाही.

पावसाळ्यात भिंत पाझरायची आणि ओल माझ्या अंगातून आत डोकावायची. मी पत्रा धरून राहिलो. किती काळ धरेन हे मलाच माहीत नव्हतं. ऊन तिथे येत नसे, हेच त्यातल्या त्यात बरं, नाहीतर माझा कधीच भुगा झाला असता. ज्या कारखान्यात रोज ढीगभर सुताला रंग मिळत होता, तिथे मला एक हात हवा होता. फार नाही. पातळ असता तरी चाललं असतं.

काडी विसरला नव्हता. एकदा जेवणाच्या सुट्टीत तो स्वतःहून डबा घेऊन आला. पण मधल्या काळात त्याचा संसार सुखाचा झाला होता आणि तो पोटावर दिसत होता. नाव काडीच राहिलं, काडी राहिली नाही. तो आडवा होऊन शिरला आणि खांद्यापुढचा भाग आत, उरलेला बाहेर, असा अडकला.

“ओढा हो मामा,” वहिनी म्हणाल्या. “हात धरून ओढा, शर्ट नको, नवा आहे.”

“मी नवा नाही का?” आतून आवाज आला.

“तुम्ही धुऊन निघता.”

त्याला बाहेर काढलं. मग त्याने काठीला ब्रश बांधून पाहिला. माझ्या कडेला बोटभर पट्टा लागला असेल-नसेल, तोच मॅनेजर आले. “तिकडे काय रंगवतोस? रंग काय नळाला येतो?” काडीने काठी सोडली. त्या पट्ट्याखालची माझी कड नंतर बराच काळ सुखात होती. उरलेला मी तिच्याकडे बघत होतो.

आणि मग बड्या साहेबांची ती भेट झाली. समोरचा रंग ओला होता. “वा, टाकी अगदी नवी कोरी ठेवलीत,” साहेब म्हणाले आणि कौतुकाने त्यांनी छत्रीच्या टोकाने टाकीवर टकटक केली. छत्री आत गेली. मिठाच्या पाण्याची धार थेट साहेबांच्या बुटांवर पडली.

मॅनेजर शांतपणे म्हणाले, “जपून साहेब, रंग ताजा आहे.”

पत्रा असा तिथे उरलाच नव्हता. नुसता रंग टाकीच्या आकारात उभा होता. माझा भाऊ त्या पापुद्र्यांबरोबर खाली पडला. एवढ्या कपड्यांखाली तो कधी गेला ते कोणाला कळलं नव्हतं. मलाही नाही, आणि मी तर रोज त्याचा हेवा करत होतो.

टाकी निकालात निघाली. क्रेनने उचलली आणि मागच्या आवारात पालथी टाकली, पाठ वर करून. मला पहिल्यांदा आभाळ दिसलं. भंगाराची गाडी कधीही येईल असं लोक बोलत होते. ऊन लागून माझा विटकरी भुगा झडू लागला होता. मला भंगाराची भीती नव्हती. अर्धवट जायची होती.

फाटकाला रंग द्यायला काडी आणि वहिनी आले होते. परत जाताना काडी थांबला.

“अगं, ही आपलीच टाकी.”

“मग? तिला घरी नेताय?”

“मागचा हात राहिला होता.”

“भंगाराला कोणी रंग देतं का?”

“डब्यात उरलाय. घरी नेऊन काय रंगवू, तुला?”

वहिनींनी पिशवीतून तारेचा ब्रश काढला, गुडघे टेकून माझ्यावरून हलक्या हाताने फिरवला, भुगा फडक्याने पुसला. मग नखाने मला खरवडून पाहिलं.

“अहो, हे अजून धरून आहे.”

काडीने डबा ढवळला आणि ब्रश बुडवला. वरून खाली, पुन्हा वरून खाली. दुसरा हात थंड होता आणि माझ्याहून पुष्कळ तरुण होता. त्याने येताना काही विचारलं नाही. माझ्या बारीक बारीक भोकांत तो शिरला आणि बसला. आभाळ मिटलं. सूर्य मी पाहिला तो तेवढाच. पण अंधारात बसायलाच मी जन्मलो होतो, आणि यावेळी अंधारात सोबत होती.

मित्रांनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. लोखंडाची वस्तू रंगवाल तेव्हा आधी तिचा गंज खरवडा आणि मगच ब्रश हातात घ्या. तिच्या मागच्या बाजूलाही जा. ‘उद्या’ म्हणालात, तर वाट बघणारा कोणी असतो, हे ध्यानात ठेवा.

माझ्या जुन्या जागी आता नवी टाकी उभी आहे. ती प्लॅस्टिकची आहे. तिला रंग लागत नाही.