तारेचं दुसरं टोक

"आला! आला!" प्रभाकरराव कुजबुजले, आणि अंधाऱ्या दिवाणखान्यात दाटीवाटीनं बसलेल्या माणसांनी एकदम हात जोडले.

टेबलावरच्या पिवळट पडलेल्या मोडेममधून आधी नंबर फिरवल्याचे आवाज आले, मग लांबलचक शिट्टी, आणि मग ती किंचाळी. पत्र्यावरून कुणी खिळा ओढावा तशी. पुढे बसलेल्या सुधाताईंनी पदर तोंडाशी धरला. गेले काही शनिवार शकुन हा आवाज ऐकत होती, पण सवय होत नव्हती.

कोलकात्याजवळ, बराकपूरच्या शकुनच्या फ्लॅटमध्ये आता दर शनिवारी संध्याकाळी गर्दी जमे. कुणी सियालदहहून गाडी पकडून येई, कुणी हावड्याहून. बँकेतली, सरकारी कचेऱ्यांतली, बदलीनं कोलकात्यात आलेली मराठी कुटुंबं. गणपतीला एकत्र येणारी ही मंडळी आता श्यामकांतशी बोलायला येत होती. श्यामकांत म्हणजे शकुनचा नवरा. त्याला जाऊन वर्ष झालं होतं.

"मंडळी, आत्मा म्हणजे काय?" सगळ्यांच्या मागे, आतल्या खोलीच्या दाराशी शाल पांघरून बसलेल्या मनोहरजींनी सुरुवात केली. "आत्मा म्हणजे डेटा! देह गेला म्हणजे फक्त यंत्र मोडलं. तुमचं ते वायफाय अशुद्ध. हवेतून येतं, वाटेत कुणाकुणाच्या घराला शिवून येतं. तांब्याची तार मात्र शुद्ध. देवापुढे पाणी तांब्याच्या भांड्यातच का ठेवतात? उगीच?"

"उगीच कसं असेल!" प्रभाकरराव म्हणाले.

मनोहरजी पूर्वी कुठल्याशा कंपनीत संगणक दुरुस्त करत. आता ते तांब्याच्या कड्यांनी आणि 'तरंगजला'नं माणसं दुरुस्त करत. श्यामकांतचा जुना संगणक त्यांनीच घरी नेऊन चालू करून आणला होता आणि शकुन लेक देवयानीकडे गेली असताना 'जोडणीची शुद्धी' एकट्यानं केली होती. टेलिफोनची लाइन तर कधीच बंद केलेली. ज्या तारेत वीज नाही, वाणी नाही, त्या तारेवरून नवरा बोलतो, याहून मोठा पुरावा कोणता?

काळ्या पडद्यावर हिरवी रोमन अक्षरं उमटू लागली.

शकुन. मी आहे. गरियाहाटच्या बाजारातली निळी साडी नेसत जा.

सुधाताईंनी हुंदका दिला. त्या साडीची गोष्ट घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हती. पुढे काय येणार ते शकुनला माहीत होतं.

गाठीला शस्त्र लावू देऊ नकोस. डॉक्टर तुला मारतील.

महिन्याभरापूर्वी छातीत गाठ लागली होती. डॉक्टरांनी सुईनं तुकडा काढून तपासायला सांगितलं होतं. "उशीर करू नका, मासिमा," एवढंच ते बोलले होते, पण ज्या रीतीनं बोलले, त्यानं तिची झोप उडाली होती. देवयानीनं दोनदा तारीख घेतली आणि शकुननं दोनदा मोडली. सोमवारची ही तिसरी.

देवयानी भिंतीला टेकून उभी होती. ती इथंच लहानाची मोठी झालेली, घाईत असली की तिचं मराठी अडखळे. "आई, बाबा असं कधी बोलले असते? सर्दी झाली तरी डॉक्टरकडे धावायचे ते!"

"पोरी, तिकडून जे दिसतं ते इथून दिसत नाही," मनोहरजी गोड हसले. "शकुनताई, आज सगळ्यांसमोर शपथ घ्या. सोमवारी जाणार नाही म्हणा. म्हणजे त्यांना शांती."

"घ्या वहिनी," प्रभाकरराव म्हणाले. "भाऊंचा जीव अडकलाय."

शकुनला वाटलं, न गेलं तर मरण, गेलं तर नवऱ्याचा शब्द मोडला. "पाणी पिऊन येते," ती कशीबशी म्हणाली आणि भिंत चाचपत आतल्या खोलीत गेली.

पलंगाच्या कडेला ती बसली. हात थरथरत होते. उशाशी श्यामकांतचा जुना फोन तारेसकट तसाच होता. लाइन गेली तरी तिनं तो हलवला नव्हता. रोज पुसत होती.

तिला वाटलं, हे तारेवर आहेत, तर आवाजही ऐकू येईल. अक्षरं नकोत मला. एकदा आवाज ऐकवा, मग शपथ घेते.

तिनं रिसीव्हर उचलला.

"अहो?"

कानात कर्कश खरखर घुसली. तिनं दचकून डोळे मिटले, पण रिसीव्हर सोडला नाही. "अहो, ऐकताय ना?"

बाहेर कुणीतरी ओरडलं. पडद्यावर चिन्हांचा नुसता कचरा सांडला आणि खाली दोन शब्द उमटले : नो कॅरिअर. संपर्क तुटला.

"फोन कोणी उचलला?" मनोहरजींचा आवाज फाटला. "ठेवा आधी तो! आत फोन आहे हे सांगितलं नाही कुणी मला!"

शकुनच्या अंगावर काटा आला. हेच वाक्य! वीस वर्षांपूर्वी श्यामकांत पुण्याच्या भावाला मेल पाठवायला बसला की ती बहिणीला फोन लावायला जाई, आणि बाहेरून तो ओरडे, "शकुन, फोन कोणी उचलला? लाइन तुटली ना!" तेव्हा प्रत्येक घरात हे भांडण होतं.

तेव्हा लाइन तुटे, कारण लाइन होती. म्हणजे या मेलेल्या तारेलाही कुठंतरी दुसरं टोक होतं.

ती दारात आली. अंधारात सगळ्यांची तोंडं पडद्याकडे होती. मनोहरजींची पाठ मात्र तिच्याकडे होती, आणि त्यांच्या शालीच्या आत निळसर उजेड होता. सगळ्यांचे मोबाईल बंद करायला लावून गुरू शालीत मोबाईल घेऊन बसले होते.

"देवयानी," ती म्हणाली, "दिवा लाव. आणि ही फोनची तार कुठं जाते ते बघ गं."

"तारेला हात लावू नका! त्यांचा आत्मा भटकेल!"

शकुन म्हणाली, "मेलेला माणूस यमाच्या दारातून परत येतो, आणि मी रिसीव्हर उचलला की तुटतो?"

कुणीतरी फिसकन हसलं. देवयानी स्टुलावर चढली. भिंतीवरच्या पट्टीतून निघालेली तार दारावरच्या माळ्यात शिरत होती. तिथं जुन्या गाद्यांमागे तिनं हात घातला आणि तारांसकट एकेक वस्तू खाली दिली : मेलेल्या तारेत वीज आणि डायल टोन सोडणारी छोटी पेटी, दुसरा मोडेम, आणि तळहाताएवढा संगणक.

"ही किंचाळी म्हणजे दोन मोडेम एकमेकांशी बोलतात," ती म्हणाली. "ऐकू येतंय का, किती वेगानं बोलायचं, ते ठरवतात. एकटा मोडेम असा ओरडतच नाही. मला फक्त दुसरा सापडत नव्हता. आणि हा छोटा संगणक कशावर चालू आहे माहितेय? आपल्याच वायफायवर!"

"त्या अशुद्ध?" सुधाताईंनी विचारलं.

देवयानीनं शालीतला मोबाईल ओढून घेतला. त्यावर वाक्यं आधीच लिहून ठेवलेली होती, नुसता अंगठा दाबायचा. तिनं आतल्या खोलीतला रिसीव्हर जागेवर ठेवला, पुन्हा नंबर लावला. तीच किंचाळी. तिनं एक वाक्य दाबलं.

शकुन. घाबरू नकोस. मी आहे.

सगळं समजूनही शकुनचे डोळे भरले. तेच तर भयंकर होतं.

"आणि निळी साडी?" प्रभाकररावांनी क्षीण आवाजात विचारलं.

"संगणक यांच्या घरी होता ना? बाबांच्या जुन्या मेल त्यातच आहेत."

मनोहरजी शाल सावरत उठले. "मी यांना धीर दिला. चार शब्द सांत्वनाचे..."

"त्यात वाईट काय म्हणा," प्रभाकरराव पुटपुटले.

"काका, सांत्वन?" देवयानी उसळली. "आईची गाठ वाढतेय महिनाभर!"

मनोहरजी गेले, त्यांनी आणलेली तांब्याची कडी टेबलावरच राहिली. सुधाताईंनी हातातलं कडं काढलं आणि त्यांतच टाकलं.

सोमवारी शकुन तपासणीच्या खोलीत पडून होती. भीती गेली नव्हती, जातही नाही ती. गाठ कसली आहे हे तुकडा तपासल्यावरच कळणार होतं, आणि एक महिना वाया गेला होता. डॉक्टरांनी सुई हातात घेतली.

"थांबा," ती हिंदीत म्हणाली. "ही सुई कुठं जाणार? काय काढणार? कोण तपासणार?"

दाराबाहेर बसून हे ऐकणाऱ्या देवयानीला वाटलं, आई आता उठून येणार.

डॉक्टरांनी सुई खाली ठेवली आणि एकेक गोष्ट समजावली. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, एक गोष्ट पुन्हा विचारली.

जो विचारू देतो त्याच्याकडे जावं. जो म्हणतो तारेला हात लावू नका, त्याची तार आधी ओढून बघावी. घाबरलेल्या माणसालाही एवढं करता येतं, हात थरथरत असले तरी.

"आता करा," शकुन म्हणाली आणि डोळे उघडे ठेवले.