बिस्किटांचा डबा

स्वतःच्या मालिकेत रोडा क्लेगने स्वतःसाठी सुंदर बाईची भूमिका कधीच लिहिली नाही. आमच्या घरात आरसा आहे, असं ती सांगायची. मँचेस्टरच्या स्टुडिओत शुक्रवारी संध्याकाळी समोर प्रेक्षक बसवून चित्रण व्हायचं. पडद्यावर रोडा म्हणजे लग्न राहिलेली तिरसट मुलगी, आणि तिच्या आईच्या भूमिकेत म्हाताऱ्या नटी मिसेस हार्टली.

अख्खा स्टुडिओ म्हातारीला विनी म्हणायचा. रोडाच्या तोंडून मात्र 'मिसेस हार्टली'शिवाय दुसरं काही निघत नसे. टीव्हीवरच्या पहिल्याच कामात, मोलकरणीचं एवढंसं वाक्य बोलताना, रोडाची बोबडी वळली होती. समोर मिसेस हार्टली, तेव्हाची बडी नटी. दुसरी कुणी असती तर रोडाचं वाक्य स्वतःच बोलून हशा खिशात घातला असता. ही बाई नुसती थांबली. आपल्याला कसली घाई नाही, अशी पोरीकडे बघत राहिली. त्या शांततेतच लोक हसू लागले, रोडाला वाक्य आठवलं आणि पुढचं काम मिळालं. त्या हशावर माझं घर उभं आहे, असं ती अजून सांगते.

आता म्हातारीच्या आठवणीने दगा द्यायला सुरुवात केली होती. त्या शुक्रवारी दुपारच्या तालमीत ती पुन्हा पुन्हा अडखळली. निर्माता डेरेक पिल याने रोडाला बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याची माया घड्याळाकडे बघून चालायची. संध्याकाळी चित्रणातही असंच झालं तर पुढच्या भागात आई झोपेतच गेली असं लिहून टाक, तो म्हणाला. आणि लिहिणारी तूच, तर विनीला सांगायचंही तूच.

रोडाने म्हातारीचं वाक्य ठळक अक्षरात लिहून बिस्किटांच्या रिकाम्या डब्याच्या तळाशी चिकटवलं. प्रवेशात आई तो डबा उघडणारच होती. मिसेस हार्टलींना तिने हळूच दाखवलंही. त्यांनी नुसता तिचा हात थोपटला.

पण सामान सांभाळणारा स्टॅन शिस्तीचा माणूस. खायच्या वस्तू चित्रणाच्या तोंडावरच ताज्या मांडायच्या, हा त्याचा नेम. त्याने मोठ्या प्रेमाने डबा काठोकाठ भरून ठेवला.

प्रवेश सुरू झाला. "आई, माझं लग्न ठरलंय," रोडा म्हणाली. त्यावर आईने विचारायचं होतं, "त्याला माहीत आहे का?" त्या भागातलं रोडाचं सगळ्यात लाडकं वाक्य.

मिसेस हार्टलींनी डबा उघडला आणि आत बघत राहिल्या. बिस्किटंच बिस्किटं. वाक्य त्यांच्याखाली गाडलं गेलं होतं. ते वाक्य फिरवून स्वतःच बोलून टाकायला रोडा तयार होती, प्रवेश सहज सावरला असता. पण मग म्हातारी संपली, हे डेरेकलाच काय, आंधळ्यालाही दिसलं असतं. रोडाने ओठ मिटले आणि कसली घाई नसल्यासारखी ती आईकडे बघत राहिली.

कुणीतरी खुदकन हसलं. मिसेस हार्टलींनी एक बिस्कीट काढलं, लेकीला आपादमस्तक न्याहाळलं, ते बिस्कीट तिच्या हातात ठेवलं. मग आणखी एक ठेवलं.

"खाऊन घे बाई," त्या म्हणाल्या. "त्याचा विचार बदलायच्या आत."

हशा थांबता थांबेना. वरच्या नियंत्रण-खोलीतून डेरेकने निरोप धाडला की लिहिलेलं वाक्य राहिलंय, पुन्हा घ्यायचं का? प्रेक्षकांना तोच विनोद दुसऱ्यांदा ऐकवला की ते भिडेखातर हसतात, हे तोही जाणून होता.

"ते वाक्य मी काढलं," रोडाने सांगितलं. "आणि आई जिवंत आहे म्हणावं."

डेरेकने पुढचा प्रवेश लावायला सांगितलं.

नंतर रंग पुसताना मिसेस हार्टली म्हणाल्या, "थांबलीस गं तू. हल्ली कुणी थांबत नाही."

"तुम्हीच शिकवलंत."

"मी? कधी?"

रोडाने मोलकरणीच्या त्या वाक्याची सगळी हकिगत सांगितली. म्हातारीने ती दुसऱ्याच कुणाची असावी तशी मन लावून ऐकली. त्यांना त्यातलं काहीही आठवत नव्हतं. रोडाचे डोळे भरून आले.

"भली दिसतेय गं ती बाई," मिसेस हार्टली म्हणाल्या. "आहे का अजून?"

"आहे तर," रोडा म्हणाली. "पुढच्या शुक्रवारी कामाला येणार आहे."