मास्तरांनी बदललेले शेवट

सीताराम मास्तर गेले, त्याला दोन महिने झाले होते. रेवदंड्याच्या घरात आता रखमाबाई आणि त्यांची मुलगी जयमाला अशा दोघीच उरल्या. रखमाबाईंचं खुब्याचं हाड मोडलेलं. चार वर्षं त्या खाटेवरच होत्या. जयमाला न्हावा शेव्याला एका गोदामाच्या ऑफिसात कामाला होती, तिथे तिने लांब रजा टाकली होती. पुण्यानुमोदनाला लोक जमले, बुद्धवंदना झाली, तेव्हा ती रडली नाही. नंतरही नाही. सकाळी उठायचं, आईचं अंग पुसायचं, पेज भरवायची, कपडे वाळत घालायचे. कुणी विचारलंच तर ती म्हणायची, "बरी आहे." तिला ते खोटंही वाटत नसे.

दुपारचा चहा झाला की रखमाबाई म्हणायच्या, "वाच."

नोकरीला नवीन लागले तेव्हा मास्तर पुण्याच्या एका ग्रंथयोजनेचे सभासद झाले होते. दर दोन महिन्यांनी पोस्टाने पुस्तक यायचं. त्यातलेच हे जुन्या फ्रेंच कथांच्या मराठी अनुवादाचे सहा भाग. निळ्या कापडी बांधणीची पुस्तकं, आत बारीक अक्षरात 'सभासदांसाठी पुनर्मुद्रण'. कडा कसरीने खाल्लेल्या. रखमाबाईंना अक्षरओळख नव्हती, म्हणून मास्तर रोज एक गोष्ट वाचून दाखवायचे. सहा भाग संपले की पुन्हा पहिला. बर्फ पडतो म्हणजे काय, हे त्यांनी बायकोला मासळीवर घालतात त्या बर्फावरून समजावलं होतं.

जयमाला वाचायची ती कंटेनरवरचे नंबर वाचावेत तशी. शब्द डोळ्यांतून तोंडात यायचे, मध्ये कुठे थांबायचे नाहीत.

त्या दिवशी तिसऱ्या भागातली एका परटिणीची गोष्ट होती. लढाईवर गेलेल्या नवऱ्याची ती दर रविवारी पुलावर वाट बघते. जयमालाने शेवटचं पान उलटलं. नवरा येतो, पण दुसऱ्याच बाईबरोबर. परटीण काही न बोलता नदीकडे चालू लागते.

"असं न्हाय हाय ते," रखमाबाई म्हणाल्या.

"काय?"

"तो एकलाच येतो. पाय मुरगळलेला असतो, म्हणून उशीर. मंग दोघं कांद्याचं कालवण खातात."

जयमालाने पान पुन्हा बघितलं. "कालवण नाही गं यात. ती जीव देते."

"नीट वाच."

तिने नीट वाचलं. तेच होतं. मग तिने मागची एक गोष्ट काढली, वकिलाच्या घरातल्या म्हाताऱ्या मोलकरणीची. "हिचं काय होतं?"

"मालकाची लेक तिला परत आणते. माडीवरची खोली देते."

पुस्तकात मोलकरीण चर्चच्या पायरीवर गारठून मरत होती.

रखमाबाईंनी मान छताकडे वळवली. मग म्हणाल्या, "मास्तर खोटं बोलत न्हाय, असं सगळा गाव म्हनायचा."

"तुला बरं वाटावं म्हणून केलं असेल बाबांनी."

"आनि मी येडी, चाळीस वर्सं ऐकत व्हते." त्यांच्या आवाजात राग होता, पण थोडासाच. "आता सगळ्या खऱ्या वाच. पयल्यापासून."

पुढचे तीन आठवडे तेच चाललं, रोज चार-पाच गोष्टी. आधी रखमाबाई मास्तरांचा शेवट सांगायच्या, मग जयमाला छापलेला वाचायची. कुठे दिवाळं निघालेला घड्याळजी फास लावून घ्यायचा. मास्तरांनी त्याला मेहुण्याच्या दुकानात बसवलं होतं. कुठे आंधळी बहीण अनाथाश्रमातच राहायची. मास्तरांनी तिला भावाच्या घरी पोचवलं होतं. एकदोन गोष्टी मात्र जशाच्या तशा निघाल्या, तेव्हा रखमाबाई मान हलवायच्या, जणू मास्तरांना त्यांनी तेवढ्यापुरतं माफ केलं. जयमालाला हसू यायला हवं होतं. ते आलं नाही.

सहावा भाग संपला त्या दुपारी ती पुस्तक मिटून उठायला लागली, तर आईने तिचं मनगट धरलं.

"आता त्यांचं सांग."

"कुणाचं?"

"मास्तरांचं. झोपेत गेले, म्हनालीस. खरं काय ते सांग."

जयमाला परत स्टुलावर बसली. काय बोलायचं ते तिने ठरवलं नाही.

"झोपेत नाही गेले. अलिबागला नेताना, ॲम्ब्युलन्समध्येच. नागावच्या पुढे. श्वास घेता येत नव्हता. मास्क सारखा काढून टाकत होते."

"घाबरले व्हते?"

"हो. खूप. माझा हात इतका आवळला की नखं रुतली."

"माझं नाव काढलं?"

इथे हो म्हणता आलं असतं. आई वाट बघत होती. जयमालाच्या जिभेवर तो शब्द आलाही होता.

"नाही," ती म्हणाली. "पाणी मागितलं."

"दिलंस?"

"गिळता येत नव्हतं. रुमाल भिजवून ओठ ओले केले."

"आनि?"

"चपला कुठे आहेत, असं विचारलं. दोनदा. मी म्हटलं, इथेच आहेत. नव्हत्या, घरीच राहिल्या होत्या. मग बोलले नाहीत."

रखमाबाईंनी डोळे मिटले. पापण्यांखालून पाणी आलं आणि कानाकडे ओघळलं. त्यांनी ते पुसलं नाही. मनगटही सोडलं नाही.

"तीन महिने एकलीच घेऊन बसलीस व्हय," त्या म्हणाल्या.

जयमालाला हलकं वगैरे काही वाटलं नाही. मनगट दुखत होतं, एवढं कळत होतं. बाहेर रस्त्यावर अलिबागचा रिक्षावाला सीट भरायला हाका मारत होता. वाळत घातलेल्या सुकटीचा वास खिडकीतून येत होता. आईला झोप लागून तिचा हात सैल होईपर्यंत जयमाला तशीच बसून राहिली. मग उठली आणि तांदूळ निवडायला घेतले.