दातेरी फळीचं सीमोल्लंघन

“मितालीला रंग निवडू दे. त्यातच खूश होईल, मग नोकरीचं नाव काढणार नाही.”

सयाजीगंजातल्या गाड्यांच्या सामानाच्या दुकानात, रॅकच्या पलीकडे, धैर्यशील आपल्या धाकट्या भावाला, अनुजला, असं म्हणाला. आवाज त्याने खाली आणला होता. पण रॅकच्या अलीकडे अनुजची नवी बायको मिताली उभी होती, आणि तिच्या हातात होते मी.

मी एक दातेरी फळी बोलतेय. गाडीचं चाक वाळूत रुतून जागच्या जागी फिरायला लागलं की त्याच्यापुढे सरकवतात, ती. दुकानात मला ट्रॅक्शन बोर्ड म्हणतात. आम्ही नेहमी जोडीनं विकल्या जातो. माझी जोडीदारीण मितभाषी आहे, म्हणून बोलायचं काम माझ्याकडे.

माझा जन्म मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यातला. नायलॉनचे दाणे आधी भट्टीत कोरडे केले, त्यात काचेचे बारीक धागे मिसळले, वितळवून साच्यात दाबलं, आणि मी बाहेर पडले. रंग राखाडी, अंगभर दात. दिसायला मी काही खास नाही. पण टनभर वजन पाठीवर घेऊन वाकते आणि वजन उतरलं की पुन्हा सरळ होते. कुजत मात्र नाही. माझा रागही तसाच आहे, प्लास्टिकचा.

मितालीनं ते वाक्य ऐकलं आणि वळूनही पाहिलं नाही. मला गुडघ्यावर घेऊन वाकवलं. एका दाताच्या टोकात नख रुतवून पाहिलं. मग यात काचेचे धागे आहेत का, ते दुकानदाराला हळूच गुजरातीत विचारलं, “भाई, आमां ग्लास फायबर छे?”

“बेन, माल एक नंबर छे. कलर बताऊं?”

रंगाचंच सगळ्यांना पडलं होतं. लग्नाआधी ही मुलगी प्लास्टिकच्या लॅबमध्ये असल्याच पट्ट्या मशीनला लावून तुटेपर्यंत ओढायची, हे तिथे कोणाला आठवत नव्हतं. लॅबनं तिची जागा दसऱ्यापर्यंत राखून ठेवली होती. तिला परत जायचं होतं. आणि धैर्यशीलचं म्हणणं असं, की संस्थानच्या सरकारी फौजेत तलवारी गाजवलेल्या घराण्याच्या सुना प्लास्टिकच्या कारखान्यात जात नाहीत.

प्लास्टिकच्या. हा शब्द त्याने ज्या सुरात उच्चारला, तो मी तिथेच लक्षात ठेवला.

एवढ्यात तो रॅकला वळसा घालून आला. हातात लालभडक, चकचकीत जोडी. बोटाच्या पेरानं ठोकून त्याने ती वाजवली. “बघ अनुज, जरा वाकत नाही. याला म्हणतात माल.”

“वाकायला हवी, भाऊजी,” मिताली म्हणाली. “वाकली नाही तर...”

“अगं, ही लाल घेऊ ना. गाडीवर उठून दिसेल.”

मितालीनं वाक्य गिळलं आणि स्वतःच्या पर्समधून पैसे देऊन मला घेतलं. धैर्यशील हसला. “घ्या. एक जोडी गाडीला आणि एक सूनबाईंच्या हौसेला.” अनुज मोबाइलमध्ये बघत राहिला. तो वाईट नाही. पण त्याला कुठल्याही भांडणाच्या वेळी फोन येतो.

त्यांचं घर शहराच्या जुन्या वाडी भागात. लाल जोडी जीपच्या टपावर चढली, तिचे फोटो निघाले. मी खाली. ओट्यावर स्कूटर चढवायला काहीतरी हवंच होतं, म्हणून धैर्यशीलनं मला पायरीवर तिरकं टाकलं, दात खाली करून. त्याची स्कूटर सकाळी माझ्यावरून उतरायची, संध्याकाळी चढायची. मधल्या वेळात माझ्यावर ओल्या चपला वाळायच्या. कोणाचा घोटा मुरगळला की शिव्या मला. एकदा कोणीतरी माझ्या पाठीवर नारळ फोडला.

माणसांची एक सवय माझ्या ध्यानात आली आहे. ज्या वस्तूचा उपयोग त्यांना कळत नाही, तिला ती दारात टाकतात, आणि मग दारात पडली म्हणून तिला हलकी समजतात. मिताली तेव्हा चहाचा ट्रे घेऊन ये-जा करायची. आमची नजरानजर व्हायची. निदान मी तरी तसं समजायचे.

खंडेनवमीला या घरात शस्त्रं पुजतात. पणजोबांची तलवार, दोन कट्यारी, एक दांडपट्टा, सगळं पाटावर मांडलं. यंदा जीपही ओट्याला लावली आणि टपावरची लाल जोडी खाली उतरवून तलवारीशेजारी ठेवली. धैर्यशीलनं तलवारीला तेल लावलं, पुसलं, गंध लावलं. मग तोच तेलाचा बोळा घेऊन तो लाल फळ्यांकडे वळला आणि एकेक दात असा चोळला, की दिव्याचा उजेड त्यात दिसायला लागला.

“भाऊजी, त्यांना तेल नको,” मिताली म्हणाली. “चाक घसरेल.”

“मिताली, या घरात शस्त्र कसं राखतात ते आम्हाला शिकवू नकोस. बिनतेलाचं शस्त्र गंजतं.”

“प्लास्टिक गंजत नाही.”

सासरे प्रतापसिंहराव पूजेला बसले होते. त्यांनी डोळे उघडून सुनेकडे पाहिलं, मोठ्या मुलाकडे पाहिलं, आणि घंटा जरा जोरात वाजवली. विषय संपला.

मला ना तेल, ना गंध, ना फूल. पण आरतीनंतर मिताली बादली आणि जुना टूथब्रश घेऊन पायरीवर बसली. माझ्या दातांमधली माती काढली, साबणानं धुतलं, पुसून कोरडं केलं आणि जीपच्या मागच्या सीटखाली, चटईखाली आम्हा दोघींना सरकवून दिलं. कोणाला सांगितलं नाही.

दसऱ्याला शीव ओलांडायची, म्हणजे हे लोक जीपनं मही नदीच्या पात्रात उतरतात. वाटेत फाफडा-जिलबीची पुडकी घेतली. धैर्यशील स्टीअरिंगवर, अंगात पांढराशुभ्र कडक झब्बा. शेजारी फेटा बांधलेले प्रतापसिंहराव, मागे अनुज आणि मिताली, आणि त्यांच्या पायांखाली आम्ही.

वाळू लागली तशी मिताली म्हणाली, “चाकांतली हवा थोडी काढायला हवी.” गाण्याचा आवाज मोठा होता. निदान ऐकू न आल्याचं कारण म्हणून तो पुरेसा होता.

जीप रुतली. धैर्यशीलनं ॲक्सिलरेटर दाबला, ती आणखी रुतली. त्याने पुन्हा दाबला. चाकं निम्मी वाळूत गेली आणि गाडी पोटावर बसली.

“काही नाही, आबासाहेब. दोन मिनिटांचं काम,” असं वडिलांना म्हणून त्याने टपावरून लाल जोडी उतरवली, चाकांपुढे फेकल्यासारखी टाकली आणि पुन्हा दाबला. तेल लावलेल्या दातांवर चाक असं गरगर फिरलं, की जळका वास आला. एक फळी चाकाखालून सटकन मागे उडाली आणि लांब जाऊन पडली. दुसरीवर चाक चढलं. ती वाकली नाही. कटकन मधोमध तुटली.

त्या लाल बाईचं मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

पलीकडे शेळ्या चारणारा एक माणूस हे सगळं मन लावून पाहत होता. “काका, ट्रॅक्टर बोलावुं?” त्याने विचारलं. ट्रॅक्टरपेक्षा धैर्यशीलला ‘काका’ जास्त लागलं.

“मिताली, तुझी जोडी होती ना?” अनुजनं विचारलं.

“ती ओट्यावर असेल,” धैर्यशील घाम पुसत म्हणाला.

मिताली एका सपाट दगडावर बसली होती. तिने फाफड्याचं पुडकं सोडलं होतं. मला तेव्हा एकच वाटत होतं, की हिनं आम्हाला बाहेर काढूच नये. बसू दे याला उन्हात. तिलाही तसंच वाटत असावं, कारण तिने सगळा फाफडा सावकाश संपवला, सोबतच्या किसलेल्या कच्च्या पपईच्या संभाऱ्यासकट. मिरची मात्र सासऱ्यांना दिली. तोवर धैर्यशीलचा जीपला खांदा लावून झाला, अनुजवर ओरडून झालं, वाळूला शिव्या देऊन झाल्या.

शेवटी प्रतापसिंहराव म्हणाले, “सूनबाई, तुम्हाला काही सुचतंय का?”

मितालीनं हात पुसले. चटई उचलून आम्हाला बाहेर काढलं. धैर्यशीलनं मला पाहिलं. स्कूटरच्या चाकाखाली रोज पाहायचा, पण माझे दात त्याने पहिल्यांदाच पाहिले.

“अनुज, चारही चाकांतली हवा कमी कर. भाऊजी, तुम्ही चाकांपुढची वाळू काढा.”

“कशानं?”

“हातानं. फावडं आणलेलं नाही. खाली बसावं लागेल, उभ्यानं होत नाही.”

तो वडिलांकडे वळला. वडील मिरची खात होते. मग तो बसला, गुडघ्यांवर, त्या झब्ब्यात, आणि कुत्र्यासारखी वाळू उकरू लागला. मिताली वर उभी राहून सांगत होती, “अजून. तिरकी उतरण हवी. अजून थोडी.” मला वाटतं, दोन-तीन ‘अजून’ गरजेपेक्षा जास्त होते.

मग तिने आम्हाला चाकांना अगदी भिडवून बसवलं. “गाडी अनुज चालवेल,” ती म्हणाली. “हळू, पहिल्या गिअरमध्ये.”

चाक माझ्यावर चढलं. माझी पाठ वाकली, दात टायरमध्ये रुतले. दुखलं का? दुखलं. पण इतके दिवस मी ज्यासाठी पायरीवर पडून होते ते हेच होतं. जीप हलली, उचलली गेली आणि घट्ट वाळूवर जाऊन थांबली. निघता निघता मागच्या चाकांनी ओंजळ-ओंजळ वाळू उडवली. अशा वेळी चाकामागे उभं राहू नये, हे मितालीनं सासऱ्यांना आधीच सांगितलं होतं. धैर्यशीलला सांगायचं राहून गेलं.

आता मी जीपच्या टपावर असते. कडेचे चार दात झिजलेत, पाठीवर टायरची नक्षी उमटली आहे, ओट्यावर स्कूटर चढवायला तुटलेल्या लाल फळीचे दोन तुकडे पुरतात. निरोप घेताना तुम्हाला एवढंच विनवते, की फळी घ्यायला गेलात तर आधी ती वाकवून बघा, रंग मागाहून. आणि दर रविवारी पायरीवर बसून, जुन्या टूथब्रशनं माझे दात कोण घासतं, असं विचाराल, तर ते त्याच दिवशी नदीत ठरलं.

वाळू थुंकत धैर्यशील म्हणाला होता, “चला, निघाली एकदाची. उचल गं मिताली त्या फळ्या.”

मिताली जीपमध्ये बसली, सासऱ्यांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “तुम्हीच उचला, भाऊजी, आणि घरी गेल्यावर धुवायच्याही तुम्हीच. मला वेळ होणार नाही. सोमवारपासून मी लॅबमध्ये जातेय.”